दगडाखालची निम्फ आणि खाडीतली बोई: जिवंत वाटणाऱ्या दोन फ्लाय कशा बांधायच्या

हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या उथळ, धावत्या पाण्यातून ताटलीएवढा एखादा दगड उचलायचा, उलटा करायचा आणि तसाच धरून ठेवायचा. पाणी निथळलं की दगडाच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव हलू लागतात. त्यात एक चपटा, तपकिरी किडा हमखास असतो. डोकं रुंद आणि डोळे वरच्या बाजूला. बोट जवळ नेलं की तो खेकड्यासारखा आडवा पळतो. ही मेफ्लायची निम्फ, म्हणजे पंख फुटण्याआधीची पाण्यातली अवस्था. ब्राउन ट्राउट हा थंड पाण्यातला मासा जे काही खातो त्यातलं बहुतेक पाण्याच्या पृष्ठभागाखालीच खातो, आणि त्यात या किड्याचा वाटा मोठा असतो.

दुसरं चित्र रायगडच्या खाडीतलं. ओहोटी लागली आहे, तिवरांच्या मुळांमधून पाणी उतरतंय आणि कडेला बोईची पिल्लं थव्याने चाललीत. अचानक पाणी फुटतं, थवा उसळतो. खाली जिताडा आहे, या पिल्लांची शिकार करणारा मोठा मासा.

कोकणात गरी टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात आणि गरीला कोळंबी नाहीतर मासळीचा तुकडा लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये गरीवर खाण्याजोगं काहीच नसतं. पीस, केस, दोरा आणि थोडं रेझिन यातून आपण आमिषाचा आभास उभा करतो. तो आभास इतका हलका असतो की फेकायला लागणारं वजन आमिषात नसून जाड लाइनमध्ये असतं. या लेखात दोनच फ्लाय घेतल्या आहेत. एक दगडाखालची निम्फ ट्राउटसाठी, दुसरी बोई जिताड्यासाठी. दोन्ही नीट जमल्या की बाकीच्या शंभर फ्लाय त्यांच्यातून निघतात, असं माझं ठाम मत आहे.

खरेपणा कुठे असतो

मी बांधलेली पहिली ‘हुबेहूब’ निम्फ तळहातावर फार देखणी दिसायची. रंगाच्या ब्रशचे केस गरम चिमट्याने वाकवून तिला सहा पाय केले होते, प्रत्येक पायाला गुडघा होता. नदीत सोडली तेव्हा ती भिंगरीसारखी फिरायला लागली आणि अर्ध्या तासात टिपेटला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या बारीक नायलॉनला, पीळ बसला. शेजारच्या डोहात त्याच दिवशी चालली ती एक साधी, केसाळ, बिनपायाची निम्फ. त्या दिवशी कळलं की कडक पाय पाण्यात पंख्याच्या पात्यांसारखे वागतात. पाण्याने वाहून नेलेला खरा किडा लवचिक असतो, प्रवाहाला अंग देतो.

इंग्लंडमध्ये विल्टशायरच्या एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांच्या फेझंट टेल निम्फमध्ये फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढंच असतं. बांधायचा दोराही नाही, पायही नाहीत. त्यांच्या नदीतल्या निम्फ पोहताना पाय अंगाशी मिटून घेतात हे त्यांनी तासन्‌तास पाण्यात बघून ठरवलं होतं. त्यांची निम्फ कमी कष्टाची दिसते, पण त्यामागे निरीक्षण प्रचंड आहे.

म्हणून माझा क्रम असा: आधी बाह्याकृती, मग वजन आणि पाण्यातली ठेवण, मग हालचाल, मग पाठीपोटाच्या रंगातला फरक, आणि सगळ्यात शेवटी बारकावे. डोळ्यातलं बुबुळ, पायाचा गुडघा हे शेवटच्या खणातलं काम. ते करायला मजा येते आणि मी करतोही, पण वरचे चार खण भरल्यावर.

आधी बघा, मग बांधा

एक पांढरी प्लास्टिकची थाळी, एक भिंग आणि पट्टी सोबत घ्या. दगडावरचा किडा ओल्या ब्रशने थाळीतल्या पाण्यात उतरवा. शेपट्या मोजा. तीन असतील आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले फडफडत असतील तर ती मेफ्लाय. दोनच शेपट्या असतील तर घाई करू नका, कारण मेफ्लायच्या काही जातींनाही दोनच असतात. अशा वेळी पोटाच्या कडा बघा: तिथे कल्ले नसतील आणि पायांच्या टोकाला दोन-दोन नख्या असतील तर ती स्टोनफ्लाय, म्हणजे वेगळाच किडा. मेफ्लायच्या प्रत्येक पायाला एकच नखी असते.

मग लांबी मोजा, वरून फोटो घ्या, आणि थाळी उंच धरून खालूनही बघा. किड्याची पाठ दगडाच्या रंगाची, ठिपकेदार असते. पोट मात्र फिकट, जवळजवळ पिठूळ. बरेच जण फक्त पाठ बघून फ्लाय रंगवतात आणि पोट गडद ठेवतात. किडा जिथून उचलला तिथेच सोडा आणि दगड होता तसाच परत ठेवा, कारण त्याच्याखाली अजून दहा जीव राहतात.

बोईसाठी हेच काम सोपं आहे. पाग टाकणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून चार बोटं लांबीची दोन-तीन पिल्लं मागून घ्या आणि काचेच्या बरणीत खाडीचं पाणी भरून त्यात सोडा. बाजूने, वरून, समोरून बघा. समोरून बघितल्यावर समजतं की बोई चपटी नाही, गोल नळकांड्यासारखी आहे आणि तिचं डोकं बोथट, रुंद आहे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच माशांच्या फ्लाय बाजूने चपट्या केलेल्या असतात. तारलीसाठी ते योग्य, बोईसाठी नाही.

सामान, आणि कोणतं सामान नको

व्हाइस (गळ पकडून ठेवणारा शिकंजा), बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं हत्यार), टोकदार कात्री, जाड सुई आणि व्हिप फिनिशर (शेवटची गाठ मारायचं हत्यार) यांच्यावाचून काम होत नाही. यूव्ही रेझिन (टॉर्चच्या उजेडाने कडक होणारा पारदर्शक लेप) आणि त्याची छोटी टॉर्च असेल तर काम सोपं होतं. नसेल तर निम्फसाठी पारदर्शक नेलपॉलिश चालतं. गळांच्या आकड्यांमध्ये नवखे गोंधळतात, म्हणून सांगतो: १०, १२, १४ या पट्टीत आकडा वाढला की गळ लहान होतो. १/०, २/०, ३/० या पट्टीत आकडा वाढला की गळ मोठा होतो.

बाकीचं बरंचसं सामान गावातच सापडतं. चिकनवाल्याकडे गावठी कोंबडीची ठिपकेदार पिसं मिळतात. साबण लावून कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि डबीत डांबरगोळी टाकून ठेवा. शेळीचे लांब पांढरे केस माशांच्या फ्लायला उत्तम. चमकीसाठी साडीच्या काठाची जर किंवा लेसच्या दुकानातली बारीक चमकपट्टी. निम्फच्या पाठीसाठी पावडर नसलेला लॅटेक्सचा हातमोजा. शेपटीसाठी रंगाच्या ब्रशचे निमुळते कृत्रिम केस. वजनासाठी शिसं वापरू नका. ते नदीत राहतं आणि पक्ष्यांच्या पोटात जातं. शिसंविरहित तार मिळते, नाहीतर तांब्याची तार आहेच.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असतात. इंग्रजांच्या काळापासून साल्मन फ्लाय बांधणारे या पिसांच्या मागे होते, ‘जंगल कॉक’ या नावाने ती जगभर ओळखली जातात आणि त्यापायी पक्षी मारले गेले. आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या पक्ष्याला संरक्षण आहे. तित्तर, साळिंदर, भेकर यांचंही तेच. कुणी गावात ‘साहेब, पीस आहे’ म्हणून आणून दिलं तरी घेऊ नका. मोराची आपोआप गळलेली शेपटीची पिसं देशात बाळगायला हरकत नाही, पण ती परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातल्या मित्राला फ्लाय भेट देताना हे लक्षात ठेवा. कोंबडी, शेळी आणि कारखान्यातले तंतू एवढ्यात या दोन्ही फ्लाय पूर्ण होतात.

निम्फ

गळ १२ नंबरचा, लांब दांडीचा. उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट करा. आत्ताच करा, कारण फ्लाय बांधून झाल्यावर गळ तुटला तर सगळे कष्ट वाया जातात. दोरा बारीक, ८/० जाडीचा, ऑलिव्ह नाहीतर तपकिरी.

नेढ्याच्या मागे दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडून दोरा सुरू करा आणि बाकापर्यंत नेऊन अर्ध्यावर परत आणा. ती दोन मिलिमीटर जागा शेवटपर्यंत राखायची आहे. डोकं बांधताना जागा उरत नाही ही या फ्लायमधली सगळ्यात नेहमीची चूक, आणि तिचं मूळ इथे पहिल्या वेढ्यात असतं.

आता चपटेपणा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेचे दोन तुकडे घ्या आणि दांडीच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक असे बांधा. वर किंवा खाली सरकू देऊ नका. मागचं टोक बाकाच्या थोडं आधी संपवा आणि तिरकं कापा, म्हणजे पोट मागे निमुळतं होईल. सुपरग्लूचा एक थेंब पसरवा आणि वाळल्यावर सपाट पक्कडीने हलकेच दाबा. वरून बघितलं तर रुंद, बाजूने बघितलं तर पातळ अशी पट्टी दिसली पाहिजे. या किड्याचं अख्खं आयुष्य या चपटेपणावर चालतं. त्यामुळेच तो जोरदार प्रवाहात दगडाला चिकटून राहू शकतो. गोल निम्फ कितीही सुंदर रंगवली तरी ती या किड्यासारखी दिसत नाही.

शेपटीसाठी बाकाच्या सुरुवातीला डबिंगची, म्हणजे दोऱ्यावर वळायच्या पिंजलेल्या तंतूंची, मोहरीएवढी गोळी बसवा. ब्रशचे तीन केस, एक मधे आणि दोन कडांना, या गोळीला टेकवून बांधा. गोळीमुळे ते आपोआप फाकतात. लांबी जवळपास शरीराएवढी ठेवा.

त्याच जागी दोन गोष्टी बांधायच्या आहेत: ०.१ मिलिमीटरचा नायलॉन, पाठ बांधून काढायला, आणि लॅटेक्सची तीन मिलिमीटर रुंद पट्टी. पट्टीचं बांधायचं टोक निमुळतं कापा. दोन्ही मागे लोंबत ठेवा. मग दोऱ्याला फिकट पिवळसर राखाडी डबिंग लावा. लोकरीच्या धाग्याचे बारीक तुकडे करून बोटांनी पिंजले तरी चालतात. डबिंग अगदी थोडं घ्या, तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं. दांडीचा साधारण तीन पंचमांश भाग झाकेपर्यंत जा, पुढे जाताना किंचित जाड करत.

आता लॅटेक्स पाठीवरून पुढे ओढा. ताण हलका हवा. फार ताणलं की ते पातळ होतं आणि नायलॉनच्या पहिल्या वेढ्याला फाटतं. नायलॉनचे सात वेढे द्या. मेफ्लायच्या पोटाला दहा खंड असतात आणि कल्ले पहिल्या सातांवर असतात, म्हणून सात. वेढे झाले की सुईच्या टोकाने दोन वेढ्यांच्या मधून, दोन्ही कडांनी डबिंगचे तंतू बाहेर ओढा. हेच कल्ले. वर किंवा खाली आलेले तंतू कापून टाका, बाजूचे ठेवा. फ्लाय पाण्यात गेली की हे तंतू थरथरतात, आणि माझ्या मते या फ्लायमधला जिवंतपणा बाकी कशाहीपेक्षा या सात जोड्यांमध्ये आहे.

छातीचं काम गुंतागुंतीचं आहे, पण क्रम पाळला तर चुकत नाही. पोट संपतं तिथे लॅटेक्सची पाच मिलिमीटर रुंद दुसरी पट्टी मागे तोंड करून बांधा. तिच्यावर ठिपकेदार कोंबडीच्या पिसाचं टोक बांधा. देठही मागेच राहील. पिसाचा बुडाचा मऊ भाग आधीच काढून टाकलेला असावा. नंतर डोळे: अर्धा मिलिमीटर जाडीच्या नायलॉनचा छोटा तुकडा चिमट्यात धरून दोन्ही टोकं लायटरने जरा भाजा. टोकं वितळून गोळे होतात. गोळे फार मोठे झाले तर तुकडा टाकून द्या आणि नवा घ्या. वितळलेला नायलॉन बोटाला चिकटला तर खोल भाजतं, तेव्हा हे काम लहान मुलांच्या हाती देऊ नका. नेढ्यामागच्या मोकळ्या जागेच्या अगदी मागे हे डोळे दोऱ्याने आठाच्या आकड्यात, दांडीच्या वरच्या बाजूला बांधा.

छातीला डबिंग लावा, पोटापेक्षा थोडं जाड. मग पीस देठाला धरून छातीवरून पुढे घ्या आणि डोळ्यांच्या मागे बांधा. पिसाचे तंतू दोन्ही बाजूंना पसरतील. ते पाय. खरा किडा तीन जोड्यांवर उभा असतो, म्हणून सुईने तंतूंचे प्रत्येक बाजूला तीन गट करा आणि मुळाशी नेलपॉलिशचा टिपका द्या. टोकं मोकळी सोडा. लांब तंतू कात्रीने कापू नका, नखाने चिमटा. कापलेली टोकं बोथट दिसतात.

मागची रुंद पट्टी आता पुढे ओढा, डोळ्यांच्या मागे दोन वेढ्यांनी पक्की करा, मग डोळ्यांवरून पुढे नेऊन नेढ्यामागे बांधा. मागचा फुगीर भाग पंखकोष, पुढचा भाग डोकं. डोकं अंगाच्या बाकी सगळ्या भागांपेक्षा रुंद दिसलं पाहिजे. जास्तीचं लॅटेक्स कापा, व्हिप फिनिशची गाठ मारा.

रंग मार्करने. पाठीवर ऑलिव्ह तपकिरी, त्यावर गडद ठिपके, पंखकोष जवळजवळ काळा. दगडावरून काढलेला फोटो समोर ठेवा. पोटाला हात लावू नका. शाई दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच पंखकोषावर रेझिनचा पातळ थर द्या. ओल्या शाईवर रेझिन गेलं की रंग पसरतो आणि सगळी पाठ मळकी होते. पूर्ण पाठीला रेझिन लावायचा मोह होईल. लावू नका, फ्लाय कडक होते आणि बुडाचे कल्ले चिकटतात.

पेल्यातली परीक्षा

काचेच्या पेल्यात पाणी भरा, फ्लाय टिपेटला बांधून आत सोडा. ती पोट खाली ठेवून, किंवा नाक थोडं खाली करून बुडायला हवी. उलटी होत असेल तर तारेचा एक तुकडा वर सरकलाय. टिपेट दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली करा आणि फिरते का बघा. फिरत असेल तर पाय एका बाजूला जास्त आहेत. पेला डोळ्याच्या वर धरून खालून बघायला विसरू नका. फ्लाय माशाच्या डोक्यावरून वाहत गेली की मासा तिला असाच बघतो.

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंडी घालण्याचा काळ म्हणून मासेमारी बंद असते आणि एरवीही मत्स्य विभागाचा परवाना लागतो. बंदीचे ते चार महिने व्हाइससमोर बसायला उत्तम.

बोई

माशाच्या फ्लायचा इतिहास बराचसा अमेरिकेतला आहे. लेफ्टी क्रे यांनी चेसापीक उपसागरासाठी बांधलेली डिसीव्हर इतकी गाजली की १९९१ मध्ये अमेरिकेने तिचं टपाल तिकीट काढलं. पेनसिल्व्हेनियाच्या सस्क्वेहाना नदीवरचे बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात दांडीवर धातूचे जड डोळे बांधून गळ उलटा ठेवून पोहणारी मिनो, म्हणजे छोट्या माशाची फ्लाय, तयार केली. खोल डोहात, मासा तळाशी असेल तेव्हा क्लाउझरला तोड नाही. महसीरसाठी पाच-सहा सेंटिमीटरची क्लाउझर मी नेहमी जवळ ठेवतो. पण खाडीतली बोई वरच्या पाण्यात, कडेकडेने चालते आणि अंगाने भरलेली असते. तिच्यासाठी केस मधोमध बांधून मागे दुमडण्याची पद्धत जास्त योग्य, कारण त्यात थोड्या केसांतून मोठा आकार उभा राहतो.

गळ २/०, आखूड दांडीचा, रुंद तोंडाचा आणि खाऱ्या पाण्यात टिकणारा. दोरा पांढरा आणि मजबूत. फ्लायची एकूण लांबी नऊ-दहा सेंटिमीटर. त्याहून लांब केली की शेपटी गळाच्या बाकात अडकायला लागते आणि ती फेक वाया जाते. तरीही अडकत असेल तर शेपटीच्या खाली जाड नायलॉनचा छोटा अर्धगोल फास आडवा बांधा. त्यावर केस टेकून राहतात.

बाकाच्या सुरुवातीला पांढऱ्या केसांचा आगपेटीच्या काडीएवढा जाड झुपका घ्या. तो मधोमध बांधा, म्हणजे निम्मे केस मागे, निम्मे पुढे नेढ्याकडे. पुढचे केस मागे दुमडा आणि त्यांच्या पुढ्यात दोऱ्याचे वेढे रचून त्यांना मागे झुकवा. झुपक्याची टोकं एका रेषेत असू नयेत. तशी असतील तर बोटांनी विस्कटून घ्या, नाहीतर शेपटी ब्रशसारखी दिसते. जरीचे दोन-तीन तंतूच टाका. खाडीचं पाणी गढूळ असेल तर पाच. जास्त चमक टाकली की मासा अर्ध्या अंतरावरून परत फिरतो, असा माझा अनुभव आहे.

इथून पुढे एक खाली, एक वर. खालच्या बाजूला पांढरा झुपका, वरच्या बाजूला राखाडी-ऑलिव्ह. प्रत्येक झुपका मधोमध बांधायचा, दुमडायचा, वेढ्यांनी टेकवायचा. प्रत्येक वेळी केस आधीच्यापेक्षा थोडे आखूड. चार ते पाच जोड्यांत नेढ्यापर्यंत पोचता येतं. केस दांडीभोवती सगळीकडे पसरू द्या. चपट्या माशासाठी फक्त वर-खाली ठेवतात, बोईला गोलाई हवी. शेवटचे दोन झुपके दाट घ्या, कारण डोकं बोथट आणि भरलेलं हवं. हेच दाट डोकं पाणी ढकलतं. गढूळ पाण्यात जिताडा ते पाण्याची थरथर जाणणाऱ्या अंगावरच्या रेषेने टिपतो, डोळ्याने नाही.

पाठ गडद आणि पोट पांढरं ठेवण्यामागे कारण आहे. उजेड वरून येतो, त्यामुळे पाठ उजळते आणि पोटावर सावली पडते. गडद पाठ आणि पांढरं पोट हा फरक पुसून टाकतात, आणि मासा पाण्यात मिसळून जातो. फ्लाय आडवी पडून पोहायला लागली की हे गणित मोडतं. म्हणून पोटाखाली, बाकाजवळ, तारेचे तीन-चार वेढे द्या. होडीच्या कण्यासारखे ते फ्लायला उभं धरतात.

छाटणी

छाटणी चुकली की केस परत जोडता येत नाहीत. आधी जुन्या दातांच्या ब्रशने केस मागे विंचरा. मग फ्लाय नेढ्याकडून आपल्याकडे धरा. कात्री फ्लायला समांतर ठेवून डोक्याकडून शेपटीकडे कापत जा, एका वेळी थोडे थोडे केस. आडवा काप कधीच देऊ नका, पायरी पडते. पोटाची रेषा आधी, मग पाठ, मग बाजू. दर चार कापांनंतर विंचरा आणि समोरून बघा. बरणीतली बोई आठवा: समोरून गोल, मागे निमुळती. शंका आली की थांबा, फ्लाय भिजवा आणि ओली असताना बघा. कोरडी फ्लाय नेहमी जाड दिसते, आणि मासा तिला कोरडी कधी बघत नाही.

आठ मिलिमीटरचे चिकटणारे डोळे घ्या. खऱ्या बोईचा डोळा यापेक्षा लहान असतो, पण इथे मी मुद्दाम मोठा घेतो, कारण शिकारी मासा डोक्याकडचा भाग शोधतो. डोळ्याच्या जागचे केस थोडे बाजूला करून खड्डा करा, रेझिनचा थेंब टाका, डोळा दाबा, टॉर्च दाखवा. दुसरा डोळा लावण्याआधी समोरून बघा. एक वर, एक खाली झाला तर फ्लाय तिरकी पोहते. दोन्ही डोळ्यांच्या मधल्या जागेत रेझिन भरलं तर डोकं टिकाऊ होतं.

मार्करने पाठीचा वरचा पट्टा गडद करा, बाजूंना अगदी पुसट उभ्या नव्हे तर लांबीच्या दिशेने तीन-चार रेघा ओढा. कल्ल्याच्या जागी लाल रंग किंचित. शेवटी तिवरांच्या मुळांपासून वाचायला अर्धा मिलिमीटर जाडीच्या कडक नायलॉनचे दोन काटे डोक्याखाली बांधा, गळाच्या टोकाच्या जरा पुढे येतील एवढे लांब. मुळांच्या आत फेकायची हिंमत या दोन काट्यांमुळे येते, आणि जिताडा बसतो तिथेच, आत.

बादलीत परीक्षा घ्या. ओढली की केस मिटून बारीक व्हायला हवेत, थांबवली की परत फुगायला हवेत. दोन ओढींमधल्या त्या क्षणभराच्या थांब्यावरच बहुतेक वेळा जिताडा घेतो. फुगत नसतील तर वेढे फार घट्ट किंवा केस फार थोडे.

जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खाडीतला मोठा मासा जवळपास नेहमीच मादी, आणि उद्याची सगळी पिल्लं तिच्या पोटात. म्हणून या फ्लायचाही उलटा काटा दाबलेला असावा. गोव्यात याला चोणक म्हणतात आणि तिथले जाणते गरवणारेही मोठा चोणक पाण्यात ठेवूनच गळ काढतात. मासा दोन्ही हातांनी पाण्यातच आडवा धरा, प्रवाहाकडे तोंड करून, तो स्वतःहून शेपटी मारेपर्यंत.

घरी आल्यावर खाडीत वापरलेली फ्लाय गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, विंचरा आणि पूर्ण वाळल्याशिवाय डबीत टाकू नका. एक ओली फ्लाय बंद डबीत राहिली तर आठवड्यात शेजारच्या सगळ्या गळांवर तांबूस डाग दिसायला लागतात.